मेघांच्या मुक्कामाचे अरण्य : भीमाशंकर येथील एक अभ्यासफेरी

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवरून निघालेल्या मेघाला वाट थोडी वाकडी करून उज्जयिनीस जाण्याची विनंती करतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेल्या उज्जैनला वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस मिळतो. तेथे मेघ हा पाहुणा. तो येतो, बरसतो आणि पुढे जातो.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र हाच मेघ पावसाळ्याचे चार महिने मुक्कामाला असतो. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर हे असे एक ठिकाण होय. उज्जैनचे महाकालेश्वर आणि सह्याद्रीतील भीमाशंकर या दोहोंची गणना बारा ज्योतिर्लिंगांत होते. महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केली. भीमाशंकराच्या मंदिराचे शिखर नाना फडणवीस यांनी बांधविले. त्यामुळे एका क्षेत्राचा यात्रेकरू दुसऱ्या क्षेत्री येतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु भीमाशंकरी आलेला यात्रेकरू बहुधा पायऱ्या उतरून दर्शन घेतो आणि परततो. ज्या अरण्यात हे देवस्थान उभे आहे, ते अरण्य पाहावयाचे राहून जाते. जाणत्या वाटाड्यासह केलेली अर्ध्या दिवसाची पदयात्रा ही उणीव भरून काढू शकते.

मेघवन कसे तयार होते ?

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. कोकणपट्टी ओलांडताच सह्याद्रीची उभी भिंत त्यांना अडविते व वारे वर चढू लागतात. सामान्यतः दर हजार मीटर उंचीमागे तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. हवा थंड झाली म्हणजे बाष्पाचे सूक्ष्म जलकण होतात आणि ढग बनतो. डोंगरमाथा ढगाच्या पातळीला पोचलेला असल्यास ढग डोक्यावर न राहता झाडांतूनच वाहू लागतो.

ढगातील जलकण इतके लहान असतात, की ते सहसा आपल्या वजनाने खाली पडत नाहीत. ते वाऱ्याबरोबर तरंगत राहतात. वाटेत पान, फांदी किंवा शेवाळाचा धागा आडवा आला, की त्याला चिकटतात, एकत्र येतात आणि थेंब होऊन टपकतात. म्हणून पाऊस थांबला असतानाही अशा अरण्यात झाडाखाली टपटप चालूच असते. उघड्या माळावरून मात्र हाच ढग जमिनीला फारसे काही न देता निघून जातो.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात माँतेव्हेर्दे येथे अशा अरण्याचा राखीव भाग १९७२ पासून जपलेला असून तेथे मार्गदर्शकांसह वनफेऱ्या काढल्या जातात. निलगिरी व अनमलै पर्वतांतील ‘शोला’ वनेही याच जातकुळीची. वर्षाचा बराच काळ ढगात राहणाऱ्या या वनांशी तुलना केल्यास भीमाशंकरचे अरण्य ऋतूपुरतेच मेघवन ठरते. कारण दिवाळीनंतर येथे दीर्घ कोरडा काळ असतो. तथापि पावसाळ्यात तेथे घडणारी क्रिया तीच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि त्यात पडणारी ढगाची भर यांवर हे सदाहरित वन पोसले जाते.

वाटाड्याची आवश्यकता

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत पसरलेले आहे. कोकणातून, कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून, वर येण्यास दोन जुन्या वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची परंतु सोपी आहे. शिडी घाटाची वाट जवळची, पण उभ्या कड्याची व शिड्यांची असून पावसाळ्यात ती टाळणेच इष्ट. शाळेच्या मुलांसाठी घाटमाथ्यावरील, मंदिरापासून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी झाडीतील वाट अधिक योग्य ठरते.

ढग उतरला म्हणजे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. ढोरवाट आणि पायवाट यांतील फरक नवख्याला कळत नाही आणि कड्याची कड कोठे संपते, याचा अंदाज येत नाही. या डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी समाजातील माणसाला मात्र ओढ्याचा आवाज, वाऱ्याची दिशा आणि ओळखीचे झाड एवढ्यावरून वाट सापडते. वाटाड्या बरोबर घ्यावयाचा तो सुरक्षिततेसाठी, आणि तितकाच त्याच्याजवळील ज्ञानासाठी. त्याला केवळ ओझे वाहणारा समजणे म्हणजे ग्रंथपालाला कपाटाची किल्ली सांभाळणारा समजण्यासारखे आहे.

वाटेवर काय पाहावे ?

झाडीत शिरताच प्रथम उजेड कमी होतो. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा हे येथील प्रमुख वृक्ष. सतत वाऱ्याला तोंड देणाऱ्या माथ्यावर ते फार उंच जात नाहीत, पण त्यांचे शेंडे एकमेकांत गुंतून अखंड छत तयार होते. खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरीची रोपे दिसतात. आमरी झाडावर राहते खरी, परंतु ती बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषीत नाही. तिला हवा असतो तो आधार आणि ढगाची ओल.

उतारांवर कारवीची दाटी असते. कारवी साधारणपणे सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरल्यावर वठते. तिच्या काठ्यांचे कूड करून त्यावर मातीचा गिलावा देण्याची येथील घरांची जुनी पद्धत आहे. हिरड्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून विकणे हे आंबेगाव व जुन्नर भागातील आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचे एक महत्त्वाचे साधन आहे. त्यांच्या दृष्टीने झाड उभे राहणे म्हणजे घरचे उत्पन्न उभे राहणे होय.

याच छतात शेकरू राहते. तांबूस पाठीची, लांब झुपकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला, तर ते तिचे घरटे समजावे. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरते. तिचा सारा प्रवास फांदीवरून फांदीवर होतो. साहजिकच रुंद रस्त्यासाठी मधली झाडे तोडली गेली, तर माणसाला वाट मिळते, पण शेकरूची वाट तुटते.

ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा आवाज आल्यास तो शीळकरी कस्तूर पक्ष्याचा असण्याची शक्यता अधिक. पावसाळ्यातील रात्री येथील कुजक्या लाकडावर फिकट हिरवट उजेडही दिसतो. तो भुताटकीचा नसून बुरशीच्या शरीरातील रासायनिक क्रियेचा थंड प्रकाश असतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

एका थेंबाचा प्रवास

पानावरून टपकलेला थेंब कुजलेल्या पाचोळ्यावर पडतो. पाचोळा स्पंजाप्रमाणे पाणी धरतो आणि ते सावकाश मातीत व खडकाच्या भेगांत सोडतो. मुळांनी मातीला बांधून ठेवलेले असते. हेच पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. भीमा नदीचा उगम येथलाच. चासकमान व उजनी या धरणांना भरणारी, पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पुजली जाणारी आणि अखेर कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी ही नदी सुमारे ८६१ किलोमीटर वाहते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याने हे अरण्य कधी पाहिलेले नसेल, परंतु त्याच्या पाटाच्या पाण्याचे एक टोक येथे आहे.

या ठिकाणी उज्जैनचे स्मरण पुन्हा होते. क्षिप्रेच्या काठी दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. मात्र या नदीचा स्वतःचा प्रवाह इतका क्षीण झाला, की २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून इंदूर जिल्ह्यातील तिच्या उगमाजवळ सोडण्याची योजना कार्यान्वित करावी लागली. २०१६ च्या सिंहस्थाला त्या पाण्याचा आधार होता. ज्या नदीची महाकवीने स्तुती केली, तिच्या प्रवाहासाठी यंत्रे चालवावी लागावीत, ही गोष्ट भीमेच्या खोऱ्यातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उगमाचे अरण्य सांभाळणे हे पाणी डोंगरावर चढविण्यापेक्षा स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

देवराई आणि दरड

या परिसरातील अनेक गावांनी देवाच्या नावाने काही झाडी राखून ठेवलेली आहे. आहुपे येथील देवराई त्यांपैकीच. देवराईतील वाळकी काडीही नेऊ नये, असा पूर्वापार दंडक. १९७० च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय मोल जगापुढे मांडले. कायद्याने अरण्य राखण्याच्या कितीतरी आधी ग्रामस्थांनी ते श्रद्धेने राखले होते, हे त्यातून दिसून आले.

या डोंगररांगांनी दुःखही पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण होतेच. परंतु उतारावरील जमिनीच्या सपाटीकरणासारख्या बदलांकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले. उतारावरची माती ही मुळांच्या भरवशावर उभी असते. तो भरवसा कोठे काढून घ्यावा आणि कोठे काढू नये, याचा विचार शासन, ग्रामपंचायत आणि शेतकरी या तिघांनीही करावयास हवा.

फेरी काढणाऱ्यांसाठी सूचना

१. वन विभागाची परवानगी अगोदर घ्यावी. अतिवृष्टीचा इशारा असल्यास फेरी पुढे ढकलावी. ठरलेला दिवस मोडला तरी चालेल, पण जोखीम घेऊ नये.

२. एका वाटाड्यामागे दहा-बारांहून अधिक मुले नसावीत. रांगेच्या शेवटी एक शिक्षक असावा. ढग दाट झाल्यास सर्वांनी जागीच थांबावे.

३. चापडा हा हिरवा विषारी साप पानांत सहज दिसून येत नाही. म्हणून फांदीला वा दगडाच्या कपारीत न पाहता हात घालू नये.

४. फूल, आमरी किंवा बुरशी तोडू नये. खाऊचे कागद व प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात. यात्रेकरूंनीही हा नियम नैवेद्याइतक्याच निष्ठेने पाळावा.

५. ज्या दिवशी पाऊस नाही पण ढग उतरला आहे, अशा दिवशी सारख्या तोंडाची दोन भांडी घ्यावीत. एक उघड्यावर व एक दाट झाडाखाली तासभर ठेवून त्यांतील पाणी मोजावे. पानांवर आधीच्या पावसाचे पाणी साचलेले असल्यास ते प्रथम गळून जाऊ द्यावे. ढगातून पाणी कसे मिळते, हे मुलांना या एका प्रयोगातून उमगेल.

६. शाळेत परतल्यावर मुलांनी आपल्या गावच्या ओढ्याचा उगम शोधावा, तेथे कोणती झाडे आहेत याची नोंद करावी आणि वडीलधाऱ्यांना विचारून पूर्वी तेथे काय होते, तेही लिहावे.

भीमाशंकरच्या पायऱ्या चढून-उतरून आलेला यात्रेकरू तीर्थ घेतो, ते ओंजळभर. ज्या अरण्याने ते पाणी ढगातून वेचले आणि मातीत जपले, त्यात चार पावले वाटाड्यामागून चालल्यास त्या ओंजळीची किंमत कळते. ती कळलेला माणूस झाडावर कुऱ्हाड उचलताना थोडा थांबेल, आणि आपल्या गावच्या ओढ्याकडे एकदा निराळ्या दृष्टीने पाहील. अशा अभ्यासफेरीचे फलित तेच होय.