कंपायलरची हमी आणि न सापडणारे वरवे बुद्रुक

सर्च इंजिनच्या पायावर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्चसारख्या डेटाबेसला प्रश्न विचारताना तो जेसन या मजकुरी नमुन्यात स्वतः लिहून पाठवता येतो, किंवा टाइप-सेफ क्लायंट लायब्ररी, म्हणजे प्रश्नाचा प्रत्येक भाग प्रोग्रामिंग भाषेतील ठरावीक प्रकारांत बांधून देणारा तयार कोडचा संच, वापरून तो रचता येतो. दुसऱ्या मार्गाने गेल्यास कंस निसटणे किंवा आकड्याच्या जागी मजकूर जाणे असल्या चुका प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर पकडतो, आणि हा लाभ खराच मोठा आहे. मात्र कंपायलर तपासतो ती प्रश्नाची घडण. साठवणीत एखादे नाव कोणत्या रूपात गेले आहे हे त्याला दिसत नाही. ही मर्यादा विसरली गेली की दोष कोडवरून उचलून मराठी नावांवर ठेवला जातो, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकाला महाराष्ट्रातील गावांच्या शोधसूचीच्या कामात आला.

या कामात गावांची यादी प्रस्तुत लेखकाकडे आणि शोधाचा कोड एका बाहेरच्या कंपनीकडे होता, व त्या कंपनीने सी शार्प भाषेसाठी असलेली नेस्ट ही लायब्ररी निवडली होती. भोर, नसरापूर, पुणे ही नावे टाकली की नोंद लगेच मिळत असे, आणि चाचणी तेवढ्यावरच उरकण्यात आली होती. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक मात्र सापडत नव्हते, वरवे खुर्दही सापडत नव्हते, आणि पुण्यालगतची कोंढवा बुद्रुक, आंबेगाव बुद्रुक ही नावेही शून्य उत्तर देत होती. कोड टाइप-सेफ असल्याने तो चुकणे शक्य नाही, मराठी डेटामध्ये असे होतच असते, सबब यादी प्रमाणित करून द्यावी, असा कंपनीचा निर्वाळा होता. यादी अक्षरशः पुन्हा तपासली गेली आणि तिच्यात काहीही वावगे निघाले नाही, तरी निर्वाळा बदलला नाही.

खरे कारण सोपे होते. इलॅस्टिकसर्चमध्ये मजकुराचे क्षेत्र प्रामुख्याने दोन प्रकारचे असू शकते: ‘टेक्स्ट’ क्षेत्रातील मजकूर अ‍ॅनालायझर नावाची यंत्रणा सुट्या शब्दांत, म्हणजे टोकनांत, तोडून साठवते, तर ‘कीवर्ड’ क्षेत्रातील मजकूर अखंड राहतो. टेक्स्ट क्षेत्रात वरवे बुद्रुक हे नाव ‘वरवे’ आणि ‘बुद्रुक’ अशा दोन टोकनांच्या रूपात गेले होते, आणि कोडमध्ये वापरलेला ‘टर्म’ हा प्रश्नप्रकार दिलेला मजकूर न तोडता जसाच्या तसा एकाच टोकनाशी ताडून पाहतो. एकशब्दी नावे त्यामुळे जुळत होती आणि दोनशब्दी नाव कधीच जुळणार नव्हते. सी शार्पच्या दृष्टीने दोन्ही क्षेत्रे एकाच ‘स्ट्रिंग’ प्रकाराची असल्याने कंपायलरला हरकत घेण्याचे कारण नव्हते, आणि सर्व्हरच्या दृष्टीने शून्य नोंदी हेही यशस्वी उत्तरच असल्याने त्यानेही २०० हाच यशाचा संकेतांक परत केला.

हे उघड झाले ते लायब्ररी बाजूला ठेवल्यावरच. इलॅस्टिकसर्चच्या ‘अ‍ॅनलाइझ’ या सोयीला गावाचे नाव थेट दिले असता दोन टोकने समोर आली, आणि नेस्टमधील ‘डिसेबल डायरेक्ट स्ट्रीमिंग’ ही मांडणी चालू करून प्रत्यक्ष पाठवला जाणारा जेसन पाहिला असता त्यात अखंड नाव दिसले. दोन्ही शेजारी ठेवून कंपनीला दाखवण्यात आली. त्यावर आपण चुकलो असे एक अक्षरही आले नाही. ‘टर्म’च्या जागी ‘मॅच’ हा प्रश्नप्रकार बसवून काम पूर्ण झाल्याचे कळवण्यात आले, आणि अहवालात कारण म्हणून ‘डेटाची गुणवत्ता’ हेच शब्द कायम राहिले. आठवडे वाया गेल्याचे दुःख कालांतराने ओसरते. निर्दोष यादीवर कागदोपत्री ठेवलेला ठपका मात्र आजही खुपतो.

शिवाय ती दुरुस्तीही अर्धवट होती. ‘मॅच’ हा प्रकार प्रश्नाचे शब्द तोडतो खरा, परंतु वेगळे सांगितले नाही तर त्यांपैकी कोणताही एक शब्द जुळणारी नोंद तो पात्र ठरवतो, आणि म्हणून वरवे बुद्रुक शोधणाऱ्यास खाली राज्यातील यच्चयावत बुद्रुक गावे मिळू लागली. गावांच्या नावांसाठी ऑपरेटर ‘अँड’ ठेवणे, आणि हुबेहूब जुळणीसाठी कीवर्ड उपक्षेत्र वेगळे राखणे, हाच त्यावरचा उपाय आहे. एकूण नोंदींचा आकडाही असाच फसवा असतो, कारण ७.० या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्च नेमकी मोजणी १०,००० पर्यंतच करते आणि त्यापुढे ‘किमान इतक्या’ अशी खूण जोडते, पण नेस्टच्या ‘टोटल’मध्ये नुसता आकडा मिळतो. महाराष्ट्रातील गावे ४०,००० हून अधिक असताना पडद्यावर १०,००० दिसणे आणि कोणालाही त्याचे काही न वाटणे, हे त्या कामातील बेफिकिरीचे पुरेसे निदर्शक आहे.

नेस्टच्या आणखी काही सवयी ठाऊक असाव्यात. शोधशब्द रिकामा असल्यास ती ते कलम मुकाट्याने गाळते, आणि परिणामी सर्वच नोंदी परत येतात. नोंदी पुसण्याच्या कामात ही सवय घातक ठरू शकते. कोडमधील गुणधर्माचे नाव ती पहिले अक्षर लहान करून क्षेत्रनाव म्हणून पाठवते, आणि त्या नावाचे क्षेत्र साठवणीत नसेल तरी सहसा तक्रार न येता शून्य उत्तर मिळते. उत्तर वैध आहे की नाही हे दर वेळी स्वतः तपासावे लागते. नेस्टची वाटचाल आता ७.१७ वर थांबली असून ८ व्या आवृत्तीपासून नवी लायब्ररी आली आहे, तथापि मूळ मर्यादा कोणत्याही एका लायब्ररीची नाही: कडक प्रकारव्यवस्थेसाठी नावाजलेल्या हॅस्केल भाषेतील ब्लडहाउंड या लायब्ररीमध्येही क्षेत्राचे नाव शेवटी मजकूर म्हणूनच दिले जाते.

मराठीसाठी इलॅस्टिकसर्चमध्ये तयार अ‍ॅनालायझर नाही, हिंदीसाठी आहे. परंतु तो हिंदी प्रत्यय छाटत असल्याने मराठी गावनावांना तसाच लावू नये. मजकूर शब्दांत तोडणाऱ्या स्टँडर्ड टोकनायझरला देवनागरी अंकांसाठी ‘डेसिमल डिजिट’ आणि लेखनभेदांसाठी ‘इंडिक’ व ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ हे फिल्टर जोडले की हलन्त आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचे भेद मिटतात, म्हणजे ‘वर्वे’ लिहिणाऱ्याला वरवे आणि ‘नसरापुर’ लिहिणाऱ्याला नसरापूर सापडते. ‘बु.’ आणि ‘बु॥’ यांतील विरामचिन्हे टोकनायझर गाळतोच, तेव्हा उरलेल्या ‘बु’ला बुद्रुक आणि ‘खु’ला खुर्द असे समानार्थी शब्द नोंदवावेत; वेल्हे तालुक्याचे राजगड झाल्यासारखे नामांतरही तिथेच नोंदवता येते.

गावांच्या, शेतकऱ्यांच्या किंवा ग्रंथांच्या मराठी याद्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच यादी दुरुस्त करून देण्याचे मान्य करण्यापूर्वी प्रत्यक्ष पाठवलेला जेसन, क्षेत्राचे मॅपिंग (म्हणजे त्याच्या प्रकाराची नोंद) आणि अ‍ॅनालायझरने पाडलेली टोकने या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात, आणि त्या मिळेपर्यंत यादीतील एका अक्षरालाही हात लावू नये.