साध्या कॅमेऱ्यानें खेळांचीं छायाचित्रें

वार्षिक क्रीडास्पर्धा आटोपल्या कीं कांहीं विद्यार्थी व पालक आपापलीं छायाचित्रें आम्हांस दाखवावयास आणतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "कॅमेरा जुना आहे, त्याला धांवणारा मुलगा टिपतां येत नाहीं." ही तक्रार अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु ती वाटते तितकी खरी नाहीं, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभीं आमचीच एक फजिती सांगितलेली बरी. पुष्कळ वर्षांपूर्वीं शर्यतींच्या दिवशीं आमच्या हातीं एक साधा पेटीवजा कॅमेरा होता. १२० च्या फिल्मवर बारा चित्रें निघत, आणि शटरचा वेग एकच : सुमारें १/३० सेकंद. चार मुलांच्या रिले शर्यतींत आपला संघ मागें पडला होता. पण शेवटच्या गड्यानें अखेरच्या दहा पावलांत पुढच्याला गांठलें. आम्ही फितीच्या बाजूस उभे होतों. त्याची छाती फितीला लागलेली पाहिली आणि कळ दाबली. फिल्म धुऊन आली तेव्हां मागचीं झाडें, मंडप, चुन्याची रेघ, सर्व कांहीं स्पष्ट होतें. मुलगा मात्र धुरासारखा पुसट, आणि फीत केव्हांच तुटलेली! तीं चारही मुलें त्याच वर्षीं शाळा सोडून गेलीं. पुढें त्यांच्यापैकीं एक जण आपल्या मुलीला घेऊन शाळा पाहावयास आला व त्यानें त्या चित्राची चौकशी केली. त्याला देण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. कोठें उभें राहावें आणि कळ केव्हां दाबावी, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, एवढेंच त्याचें कारण.

आतां त्या चित्रांतील चूक गणितानें तपासूं. चांगला धांवणारा मुलगा एका सेकंदांत सुमारें ८ मीटर जातो. म्हणजे १/३० सेकंदांत तो जवळजवळ २७ सेंटिमीटर पुढें सरकतो. १/१२५ सेकंदांत साडेसहा सेंटिमीटर, आणि १/५०० सेकंदांत अवघा दीड सेंटिमीटर. बाजूनें पाहिलें असतां हें सारें अंतर चित्रांत आडवें उमटतें. परंतु तोच मुलगा समोरून आपल्याकडे येत असेल, तर तो किंचित् मोठा होतो, आडवा फारसा सरकत नाहीं. जाणते लोक असें प्रमाण सांगतात कीं, बाजूनें जाणाऱ्यास १/५०० सेकंद लागत असेल, तर तिरप्या दिशेनें येणाऱ्यास १/२५० आणि सरळ समोरून येणाऱ्यास १/१२५ पुरतो. तात्पर्य, आम्ही फितीच्या पलीकडे, शर्यतीच्या वाटेपासून थोडे दूर व तिरपे उभे राहिलों असतों, तर त्याच कॅमेऱ्यानें पुष्कळ बरें चित्र मिळालें असतें. पाय थोडे पुसट आले असते. पण चेहरा ओळखतां आला असता.

दुसरी गोष्ट उजेडाची. ज्या कॅमेऱ्यास वेग व छिद्र बदलतां येतें, त्याच्यासाठीं एक जुना नियम आहे : स्वच्छ उन्हांत छिद्र एफ १६ ठेवावें व फिल्मचा जो अंक असेल तितकाच शटरचा वेग घ्यावा. १०० अंकाच्या फिल्मला सुमारें १/१२५ सेकंद, ४०० च्या फिल्मला सुमारें १/५००. वेग दुपटीनें वाढविला कीं छिद्र एका पायरीनें मोठें करावें. म्हणून १०० च्या फिल्मवर १/५०० सेकंद हवा असल्यास छिद्र एफ ८ होईल. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यासही हाच नियम लागू आहे. त्याचा अंक फार वाढविला तर चित्रांत रवा दिसूं लागतो. म्हणून ऊन असेल तेथेंच खेळाडू पकडावा.

तिसरी गोष्ट फोकसची. जुन्या कॅमेऱ्याचा फोकस पळत्या खेळाडूच्या मागें धांवूं शकत नाहीं. म्हणून त्याला आधींच ठरलेल्या जागीं नेऊन बसवावें. प्रत्येक खेळांत अशा जागा आहेत. उंच उडींत आडवी काठी, अडथळ्यांच्या शर्यतींत एखादा अडथळा, व्हॉलीबॉलमध्यें जाळें, खो-खोमध्यें खांब, कबड्डींत मध्यरेषा. खो-खोंत पळणारा गडी खांबाला हात घालून वळतो, तेव्हां त्याचा वेग क्षणभर मंदावतो. कबड्डींत चढाई करणारा हात लांबवून मध्यरेषेकडे झेपावतो. सगळ्या डावाचा निकाल त्या रेषेवर असतो. तेथें फोकस लावावा, आणि खेळाडू तेथें येईपर्यंत वाट पाहावी.

चवथी गोष्ट क्षणाची. वर उडालेला प्रत्येक देह शिखरावर पोंचला म्हणजे क्षणमात्र थांबतो. तेथें त्याचा वर जाण्याचा वेग शून्य असतो. शिखरापूर्वींच्या आणि नंतरच्या १/२० सेकंदांत तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर वरखालीं होतो. म्हणून उंच उडी, व्हॉलीबॉलचा फटका, बास्केटबॉलची उडी हीं चित्रें मंद शटरालाही साधतात. जमिनीवर बसून खालून घेतल्यास उडी उंच दिसते, आणि मागें गर्दीऐवजीं मोकळें आकाश येतें.

परंतु हा क्षण डोळ्यांनीं पाहून मग कळ दाबाल तर तो निघून गेलेला असेल. डोळ्यानें पाहिलें व बोटानें दाबलें, यांत सुमारें १/५ सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटर वेगानें टाकलेला चेंडू तेवढ्या वेळांत साडेपांच मीटर जातो, म्हणजे खेळपट्टीच्या चौथ्या भागाहून अधिक. म्हणून चेंडू बॅटीवर येण्यापूर्वींच बोट हललें पाहिजे. हें साधण्यास महाग यंत्र लागत नाहीं. खेळाची माहिती लागते. जो स्वतः खो-खो खेळला आहे, त्याला गडी कोणीकडे वळणार हें आधीं कळतें.

पांचवी युक्ति कॅमेरा फिरविण्याची. पाय घट्ट रोवून, कमरेंतून वळत, बाजूनें जाणाऱ्या सायकलस्वाराबरोबर कॅमेरा एकसारखा फिरवावा; फिरवितां फिरवितां कळ दाबावी, आणि दाबल्यावरही फिरविणें थांबवूं नये. मागचा देखावा रेघारेघांचा होतो व स्वार स्पष्ट राहतो. जो १/३० सेकंद आमच्या फजितीस कारण झाला, तोच येथें उपयोगी पडतो.

थोरांनीं हेंच केलें आहे. जॉर्ज बेल्डम हा इंग्लंडांतील क्रिकेटपटू. त्यानें व सी. बी. फ्राय यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ग्रेट बॅट्समेन' या ग्रंथांत व्हिक्टर ट्रंपर पुढें झेपावून बॅट उगारतो, तें प्रसिद्ध चित्र आहे. तें सामन्यांतलें नव्हे. सामन्यांत जवळ जातां येत नसेल, तर सरावाच्या वेळीं जावें, हा त्यांतला धडा.

दुसरें उदाहरण १३ जून १९४८ चें. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें बेसबॉलचा विख्यात खेळाडू बेब रूथ आजारानें खचलेला असतां निरोप घेण्यास आला. इतर छायाचित्रकार त्याच्या समोर उभे होते. 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून' पत्राचा नॅट फाइन मात्र पाठीमागें गेला, कारण रूथचा ३ हा अंक पाठीवर होता व त्या दिवशीं तो अंक कायमचा निवृत्त होत होता. ढगाळ उजेडांत, फ्लॅश न लावतां, एका पत्र्यानंतर दुसरा बदलावा लागे अशा अवजड कॅमेऱ्यानें त्यानें चित्र घेतलें. बॅटीवर टेंकलेला, वांकलेला रूथ. चेहरा जवळजवळ दिसतच नाहीं. १६ ऑगस्टला रूथ वारला. १९४९ सालीं त्या चित्रास पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्याच जातीच्या जुन्या कॅमेऱ्यानें डेव्हिड बर्नेट यांनीं २०१२ सालीं लंडन ऑलिंपिकचीं चित्रें घेतलीं.

अभ्यास कसा करावा? प्रथम फिल्म न घालतां. सायंकाळीं रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागीं उभे राहा, एका खांबावर फोकस लावा, आणि सायकल खांबापाशीं येतांच रिकामी कळ दाबा. असें पन्नास वेळां करा. मग बाराच चित्रांची मर्यादा घाला. डिजिटल कॅमेरा अथवा मोबाइल असला तरीही घाला. प्रत्येक चित्राची जागा, वेळ, वेग व छिद्र वहींत लिहा. चुकलेलें चित्र पुसून टाकूं नका. वहीशेजारीं ठेवून चूक शोधा.

शिष्टाचारही शिकण्याचा भाग आहे. आंखलेल्या रेषेच्या आंत पाऊल टाकूं नये. फलंदाजाच्या नजरेसमोर, गोलंदाजाच्या मागें हालचाल करूं नये. खेळाडूच्या डोळ्यांवर फ्लॅश मारूं नये. पंचांनीं सांगितलें कीं निमूटपणें मागें सरावें. आणि कोणी पडला, रडला, तर त्याचें चित्र हंसण्यासाठीं दाखवूं नये. तो आपलाच सोबती आहे.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें नवा कॅमेरा मागितल्यास आधीं जुन्याचीं बारा चित्रें व वही पाहावयास मागावी. त्या वहींत चुका लिहिलेल्या असतील, तर मुलगा मार्गाला लागला असें समजावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, यंदाच्या रिलेंत धांवणारे गडी पुढच्या वर्षीं येथें असतीलच असें नाहीं. त्यांच्यापैकीं कोणी एके दिवशीं आपल्या मुलांना घेऊन येईल व चित्र मागेल, तेव्हां शाळेजवळ तें असावें. फितीच्या पलीकडची ती तिरपी जागा आम्हीं आतां तुम्हांला दाखविली आहे. शर्यतीच्या दिवशीं तेथें लौकर जाऊन उभे राहा.