मोफत औषध, तरी उपचार अर्धवट का?

24 मार्चला आपण शाळेत जागतिक क्षयरोग दिनाची माहिती देतो. 1882 साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, हेही सांगतो. मग एखादं मूल विचारतं, "औषध फुकट असून लोक मध्येच का सोडतात?" बहुतेक वेळा आपण 'निष्काळजीपणा' म्हणून मोकळे होतो. मला हे उत्तर पटत नाही.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, तीही रोज. आता बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचं वर्ष बघा. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं ते मार्च-एप्रिलपर्यंत. पावसाळ्यात आजार सापडला तर अर्धा उपचार गावात, अर्धा फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. दवाखान्यात एक दिवस गेला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गोळ्या फुकट मिळतात हो, पण तो दिवस कोण भरून देणार?

त्यात काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, बरं वाटायला लागतं. गोळ्यांनी मळमळतं, लघवी केशरी होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजार लपवलाच जातो. औषध मध्येच सुटलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग पुढचा उपचार जास्त अवघड होतो.

निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. पैसे बँक खात्यात येतात, म्हणजे खातं नसलेला इथेही अडतो.

पण एक सोय फार कमी पालकांना माहीत असते. रुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद असते, तिचा क्रमांक असतो. तो दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तोच उपचार पुढे चालू ठेवता येतो. स्थलांतरित मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतोच. तेव्हा पालकांना बाजूला घेऊन, वर्गासमोर अजिबात नाही, घरात कुणाच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. असतील तर निघण्याआधी आशाताईंना भेटायला सांगा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याचीही तपासणी आणि प्रतिबंधक औषध याबद्दल त्यांनाच विचारायला सांगा.