दोन दारांच्या मोठ्या गाड्या अजून हव्यात का?

प्रश्न : मर्सिडीझने एस-क्लास कूपे बंद केली. आलिशान गाड्यांच्या कंपन्यांनी अशा लांबलचक, दोन दारांच्या गाड्या आता बनवूच नयेत का?
– एक वाचक, जुने शहर, अकोला

उत्तर : बनवाव्यात, पण मोजक्याच. खपाचा हिशेब त्यांच्या बाजूने नाही, कारण पैसेवाल्यालाही आता उंच एसयूव्हीच हवी असते.

आपली टाटा सिएरा आठवा. 1991 ची ती गाडी मागे छतापर्यंत वळलेल्या काचांमुळे देखणी दिसायची, पण मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून अंग चोरत आत शिरावं लागे. 2025 मध्ये सिएरा परतली ती मागच्या प्रवाशांसाठी वेगळी दारं घेऊनच. घरच्यांना घेऊन फिरायच्या गाडीला ते हवंच होतं.

आलिशान कूपेच्या गिऱ्हाइकाकडे मात्र घरच्यांसाठी दुसरी गाडी असतेच. तो ही गाडी घेतो ती स्वतः चालवायला आणि तिच्या रूपासाठी. रोल्स-रॉइसने हे ओळखलं. रेथनंतर विजेवरची स्पेक्टर आणली, तीही दोन दारांचीच. मर्सिडीझने सी आणि ई-क्लासच्या दोन कूपेंऐवजी एकच सीएलई काढली, तेही शहाणपणाचंच. सगळ्यांनीच हात आखडला, तर गाडी घडवण्यातली एक सुंदर कला जाईल.

तुमच्या मनात घ्यायचं असेल, तर एक सांगतो. स्पेक्टरचं दार जवळपास दीड मीटर लांब आहे. जुन्या शहरातल्या गल्लीत भिंतीलगत गाडी लावून ते उघडणं कठीण. आधी टेप घेऊन जागा मोजा, मग शोरूमला फोन करा.