‘सैराट’ रंगभूमीवर आणावा काय?

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांतील मुलें ‘सैराट’च्या गीतांवर नाचण्याची परवानगी मागतात. यंदा कांहींनीं तो चित्रपटच नाटकरूपानें करूं, मात्र शेवट गाळूं, असें सुचविलें. प्रश्न विचारार्ह आहे.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ सालीं निघाला. त्याच वर्षीं १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ मुंबईस रंगमंचावर आला. तेव्हां पडद्यावरून इकडे वाट नाहीं असें नव्हे. अडचण निराळी आहे. पडद्यावर अजय-अतुल यांचा वाद्यवृंद वाजतो आणि पात्रें नुसतीं धांवतात. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आमच्या संगीत नाटकांत मात्र नट स्वतः गात आला. आर्ची-परशा होणाऱ्यांस गळा हवा. ध्वनिमुद्रण लावून ओंठ हलविणें हें नाटक नव्हे.

आणि शेवट? चारही गीतें पूर्वार्धांतच संपतात. पुढें हैदराबादेंतील कष्टाचें जिणें, आणि जातीच्या अभिमानापायीं दोघांचा खून. तेथें लहान मूल रक्तानें माखलेल्या पावलांनीं चालतें. संगीत तर नाहींच, आवाजहि नाहीं. ती शांतता गाळली तर उरतो केवळ वरातीचा नाच! शेवट ठेवीत असाल तर तालमीस आम्ही बसूं, असें आम्हीं मुलांस सांगितलें. त्यांनीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.