सॉफ्टवेअरचा विक्रेता कामाचा कधी?

भोसरी, चाकण, सातपूर इथल्या लहान कारखान्यांत सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस सहसा फिरकत नाही. येतो तो ‘आपला टॅलीवाला’ किंवा ‘अँटिव्हायरसवाला’. बंगळूरची टॅली काय किंवा पुण्याची क्विक हील काय, दोघी गावोगावी पोचल्या त्या अशाच विक्रेत्यांच्या जाळ्यावर. पण आता घरबसल्या पैसे भरले की लायसन्स मिळतं. मग मालक विचारतो, मधल्या माणसाचं कमिशन आपण का सोसायचं?

अशा कारखान्यांचे हिशेब सांभाळताना या प्रश्नाची दोन उत्तरं माझ्यासमोर आली.

पहिलं मिळालं ते १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर. व्हॅट आणि एक्साइजच्या जागी सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी आले, एचएसएन कोड सांभाळणं आलं. बिलाचा नमुनाच बदलला. एका कारखान्याचा टॅलीवाला दुकान बंद झाल्यावर रात्री येऊन बसे. मालाचे गट, कराचे दर, जुन्या शिलका असं सगळं लावून देई. ते काम कुठल्याही वेबसाइटनं केलं नसतं. त्याचं कमिशन मालकाला कधी खुपलं नाही.

दुसरं उत्तर कडू होतं.

एका ट्रेडिंग फर्मनं वेबसाइट, ईमेल आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ असं सगळं एकाच विक्रेत्याकडून घेतलं होतं. बिलं वेळेवर चुकती होत होती. पुढे एएमसीच्या रकमेवरून वाद झाला आणि विक्रेता फोन उचलेना. डोमेनची मुदत संपली, मेल थांबले, ग्राहकांच्या ऑर्डरी परत जाऊ लागल्या. जीएसटी पोर्टलवर आणि बँकेतही तोच ईमेल नोंदवलेला होता. डोमेन मात्र विक्रेत्याच्या नावावर आणि मुख्य ॲडमिनचा पासवर्डही त्याच्याच खिशात. शेवटी फर्मनं नवं डोमेन घेतलं, लेटरहेडपासून व्हिजिटिंग कार्डापर्यंत सगळं पुन्हा छापलं.

विक्रेता सज्जन असला तरी धोका उरतोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की, ‘नोबेलियम’ या रशियन हॅकर गटानं १४० हून अधिक विक्रेत्यांना आणि सेवा कंपन्यांना लक्ष्य केलं होतं. त्यांतल्या १४ कंपन्यांच्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचा अंदाज होता. कारण उघड आहे: एका विक्रेत्याकडे अनेक ग्राहकांचे ॲडमिन अधिकार असतात. त्यानंतर विक्रेत्याला ठरावीक मुदतीपुरते आणि मोजकेच अधिकार देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं आणली. ती वापरायला सांगणं हे ग्राहकाचं काम.

म्हणून व्यवहार ठरवतानाच काही गोष्टी पक्क्या कराव्यात. डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून फर्मचं नाव हवं आणि तिथला संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर मेल बंद पडल्यावर तोही बंद. मुख्य ॲडमिन खातं मालकाकडे असावं. टॅलीचं लायसन्स ज्या ईमेलवर चालू होतं, तो फर्मचा असावा. विक्रेत्याचा किंवा नोकरी सोडू शकणाऱ्या अकाउंटंटचा नव्हे.

दराचं पाहायचं तर कंपनीच्या वेबसाइटवरचा भाव आधी बघावा, मग विक्रेत्याचा. करार किती मुदतीचा आहे, हेही विचारावं. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ पासूनच्या पद्धतीत वर्षभराचं लायसन्स घेतलं तर पहिल्या सात दिवसांनंतर ते रद्द करता येत नाही. महिन्याच्या बोलीवर घेतलं तर सुमारे २० टक्के महाग पडतं. दहा माणसांच्या फर्ममधली तीन माणसं सोडून गेली, तरी वर्षभर पैसे दहांचेच.

‘सपोर्ट’ हा शब्द बिलावर असून भागत नाही. किती तासांत माणूस येईल, बॅकअप कोण घेईल, तो परत चालू करून कोण दाखवेल, विक्रेता बदलायचा झाला तर पासवर्ड किती दिवसांत मिळतील, हे कागदावर यायला हवं.

वर्षातून एकदा रिन्यूअलचं बिल पाठवण्यापलीकडे काही न करणाऱ्या विक्रेत्यापेक्षा थेट कंपनीकडून घेतलेलं बरं. रिटर्नच्या तारखेला धावून येणारा असेल, तर त्याच्या कमिशनवर घासाघीस करू नका. मात्र तुमचं डोमेन आज कुणाच्या नावावर आहे, हे पुढच्या रिन्यूअलच्या आधी तपासाच.