कंटेनरआधी अंगण

अगं, तुझा निरोप वाचला. दुबईच्या एका व्यापाऱ्यानं आमचूर मागितलाय आणि बचत गटातल्या बायकांना वाटतंय, आता तोरणमाळचा माल थेट बोटीवर चढणार. मला आनंद झाला, तो लपवत नाही. धडगाव-मोलगीकडे पोत्यानं विकला जाणारा हा माल पुढे कुणाकुणाच्या नावानं कुठे कुठे जातो. एकदा तो तुमच्या नावानं जावा, असं मलाही फार दिवसांपासून वाटतंय. पण मी शहाद्याची असले तरी माझा दिवस न्हावा-शेवा बंदराच्या कागदांत जातो, त्यामुळे मला या वाटेवरचे खड्डेही माहीत आहेत. ते सांगते. ऐकून घे आणि मगच त्या माणसाला उत्तर लिही.

तू पहिल्यांदा विचारलंस ते समुद्राचं. जहाज बुडलं तर? बुडू शकतं. २०२५ च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडालं. पण मी कागदोपत्री जे अडकलेले माल पाहते, त्यातले फार थोडे समुद्रानं नासवलेले असतात. बहुतेक माल बंदरात पोचायच्या आधीच बिघडलेला असतो. कळतं मात्र उशिरा, परक्या देशात, आणि तिथून परत आणायचा तर खर्च मालाच्या किमतीला गिळून टाकतो.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचं उदाहरण घे. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि आपल्या बागायतदारांनी शीतगृह, थंड कंटेनर, पेटीतली बांधणी असं सगळं शिकून घेऊन युरोपचा बाजार मिळवला. पुढे २०१० च्या हंगामात तिथे पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ रोखायला वापरतात. जहाज वेळेवर गेलं होतं, थंडावा टिकला होता, घड ताजे होते. तरी माल अडकला, कारण जे व्हायचं ते काही महिने आधी बागेत होऊन गेलं होतं. किती घरांचं वर्ष त्यात बुडालं असेल, याचा विचार आला की अजून जीव कळवळतो.

तुमची बाग म्हणजे तुमचं अंगण. कैरी उतरवली, साल काढली, फोडी केल्या आणि उन्हात घातल्या, एवढंच काम दिसतं. पण मालाचा दर आणि परदेशातलं नशीब दोन्ही त्या चार-सहा दिवसांत ठरतं. फोडी जमिनीवर किंवा खडकावर टाकल्या की माती, वाळूचे कण, कोंबडीची पिसं, शेळीचे केस चिकटतात. धडगावचा व्यापारी ते चालवून घेतो, कारण तो दर पाडूनच घेतो. दुबईचा माणूस दर पाडत नाही, सगळा माल परत करतो. म्हणून जमिनीपासून वर उचललेल्या जाळीवर वाळवा. बांबू तुमच्याकडे आहे, स्वच्छ जाळी शहाद्याला मिळेल. लोखंडी सुरी वापरू नका, कैरीच्या आंबटपणानं फोड काळी पडते. स्टीलची सुरी घ्या. फोडी एकसारख्या जाड काढा, नाही तर पातळ कडक होतात आणि जाड आतून ओल्या राहतात. वळीव आला की काय होतं ते मी तुला काय सांगू, एका रात्रीत पांढरा माल काळा. संध्याकाळी आत घ्यायच्या, हे कंटाळ्याचं काम आहे, पण पाळ्या लावा आणि करा.

रंग पांढरा राहावा म्हणून गंधकाची धुरी द्यायला कुणी सांगेल. देऊ नका. युरोपात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर वेष्टनावर ते लिहावंच लागतं, आणि तपासणीत न लिहिलेलं सापडलं की माल गेला. तुमचा माल धुरीशिवायचा आहे, हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. ती हातची घालवू नका.

आता ओलाव्याचं बोलते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. तोरणमाळ हजार मीटरच्या वर. जूनच्या अखेरीस ढग घरात शिरतात, पापड-कुरडया मऊ पडतात, तिथे आमचूर उघड्या पोत्यात कोरडा राहील का? वाळला त्याच दिवशी, गार झाल्यावर लगेच, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी पोत्यात किंवा खोक्यात घाला. पाऊस लागायच्या आत माल घाट उतरून शहाद्याला आलेला असावा. फोड वाकवली की तुटली पाहिजे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ग्राहकाला प्रयोगशाळेचा आकडा लागतो, म्हणून प्रत्येक लॉटचा ओलावा आणि बुरशीची तपासणी आधीच करून घ्या.

यामागचं कारणही समजून घे. लोखंडी कंटेनर दिवसभर उरणच्या उन्हात तापतो आणि रात्री भर समुद्रात गार होतो. मालात, पोत्यांत, लाकडी तळात जी ओल असेल ती वाफ होऊन वर जाते आणि भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तशी छताला थेंबाथेंबानं जमून पुन्हा मालावर गळते. बाहेरचा पाण्याचा एक थेंबही आत शिरलेला नसतो. दार उघडल्यावर वरच्या थरावर बुरशी दिसते आणि सगळे म्हणतात समुद्राचं पाणी लागलं. म्हणून पुढे कधी स्वतःचा पूर्ण कंटेनर भरायची वेळ आली, तर भरण्याआधी एकीनं आत उभं राहायचं आणि बाहेरून दारं लावून घ्यायची. अंधारात कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत. वास घ्यायचा, आधी काय नेलं होतं ते नाक सांगतं. तळाच्या लाकडाला हात लावून पाहायचा. मग छताखाली ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, आणि सील लावल्यावर त्याच्या नंबराचा फोटो काढायचा. हे सगळं करायला लाज वाटू देऊ नकोस. कंटेनर आणणारा ड्रायव्हर घाई करेल, करू दे.

पण पहिल्या वर्षी पूर्ण कंटेनर घेऊच नका, हे माझं ठाम मत. वीस फुटी कंटेनरमध्ये आतून साधारण ३३ घनमीटर जागा असते. आमचूर हलका, त्यामुळे वजनाची मर्यादा यायच्या आत जागा भरते. तरी तो भरायला जेवढा माल लागेल तेवढा सगळा एका दर्जाचा गोळा करणं नव्या गटाला झेपणार नाही. मग दहा घरांचा चांगला माल आणि पाच घरांचा काळा माल एकत्र होतो, आणि सगळ्यांचं नाव जातं. त्यापेक्षा एलसीएल करा, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये थोडी जागा भाड्यानं घ्यायची. भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक धोका आहे, शेजारी कुणाचा माल असेल ते आपल्या हातात नसतं. उग्र वासाचं काही शेजारी नको, हे माल पाठवणाऱ्या फॉरवर्डरला लेखी कळवा आणि पिशव्या हवाबंद ठेवा. लाकडी पॅलेट वापरलंत तर ते ५६ अंशावर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलंच घ्या. साधं लाकूड बऱ्याच देशांत अडवतात.

आणि हो, कंटेनर तोरणमाळला येईल अशी कुणाची कल्पना असेल तर ती आताच काढून टाक. त्या वळणांवर ट्रेलर आणायची गरजही नाही. पिकअपनं म्हसावदमार्गे शहादा, तिथून ट्रकनं धुळे-नाशिक करत उरणकडच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात माल द्यायचा. तिथे कस्टम होतं आणि मग तो कंटेनरमध्ये चढतो.

कागदांना घाबरू नकोस, ते जमतात. आयातदार-निर्यातदार क्रमांक परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची खातरजमा करावी लागते, नाही तर तो थांबतो. तुमचा हंगाम नेमका तोच, म्हणून आठवण ठेव. अपेडाची नोंदणी, बँकेचा एडी कोड, जीएसटीचं हमीपत्र ही कामं जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घे. फोडी म्हणून जातोय की पूड म्हणून, यावर एचएस कोड, म्हणजे कस्टमचा वर्गीकरण क्रमांक, ठरतो. तो कस्टम एजंटाकडून आधी पक्का करून घे आणि त्या देशाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं का, तेही विचार.

पैशाचं मात्र घाईनं आटोपणार नाही. पत्रात त्या व्यापाऱ्यानं ‘सीआयएफ जेबेल अली’ असं लिहिलंय. म्हणजे दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत बोटीचं भाडं आणि विमा तुम्ही भरायचा, तोही दरातच. बायकांना वाटेल, माल तिथे पोचेपर्यंत जबाबदारीही आपलीच. तसं नाही. सीआयएफमध्ये माल बोटीवर चढला की धोका खरेदीदाराचा होतो, खर्च तेवढा पुढेही तुमचा राहतो. यातलं काहीच त्यानं दिशाभूल करायला लिहिलं असेल असं नाही, पण कोणत्या शब्दावर आपण काय कबूल करतो ते कळलं पाहिजे. मला विचारशील तर पहिल्या खेपेला ‘एफसीए’ माग. फ्रेट स्टेशनात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपली. एफओबी म्हटलंस तर बोटीवर चढेपर्यंत माल गोदामात पडून असतो, तेवढे दिवस जोखीम तुमची.

मग बिल ऑफ लेडिंग. हा कागद म्हणजे माल. बहुधा तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली एक ज्याच्या हातात, तो माल सोडवतो. ओळख वाढली, रोज गोड बोलणं झालं, म्हणून मूळ प्रती कुरिअरनं थेट पाठवायच्या नाहीत. कागद बँकेमार्फत जाऊ देत, त्यानं तिथे पैसे भरावेत आणि मग बँकेनं कागद द्यावेत. निम्मे पैसे आगाऊ घेतलेत तर आणखी बरं. ऐनवेळी ‘आमचं बँक खातं बदललं’ किंवा ‘आधी नोंदणीची फी भरा’ असा मेल आला, तर पैसे पाठवू नकोस, मला फोन कर.

विमा कोण काढणार ते लेखी ठरव, पण तो हवाच. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात अडकलं, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. आतला माल बहुतेक धड होता. तरी जहाज सोडवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांवर वाटला गेला, समुद्राचा हा जुना कायदाच आहे. विमा नव्हता त्यांना माल सोडवायला आधी हमीचे पैसे भरायची वेळ आली. जेबेल अली जवळ आहे, काही दिवसांचीच वाट. युरोपला जायचं तर २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, दहा-पंधरा दिवस जास्त लागले. म्हणून पहिली वेळ दुबईच बरी.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. तुमच्याकडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि आमचुराचा पैसा नेमका पेरणीच्या आधी हातात येतो. बी त्यातून, पोरांची शाळा त्यातून. बाजारातला व्यापारी भाव कमी देतो, पण रोख देतो आणि त्याच दिवशी देतो. निर्यातीचे पैसे फिरून यायला दोन-तीन महिने सहज लागतात. बायकांना ऑगस्टपर्यंत थांबवलंस तर पुढच्या वर्षी त्या पुन्हा व्यापाऱ्याकडे जातील, आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून गटाच्या बचतीतून, ‘उमेद’मधून मिळणाऱ्या कर्जातून, जेवढ्या मालाचे पैसे तोलताक्षणी चुकते करता येतील, तेवढाच माल परदेशासाठी घ्या. बाकीचा नेहमीसारखा बाजारात जाऊ दे. दोन पॅलेट भरला तरी पुष्कळ झाला. नफा आला की तो वाटायचा, तोटा आला तर तो गटाचा. एकाही बाईच्या मजुरीला त्याचा धक्का लागता कामा नये. हे ठरावात लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखव, पावरी बोलीतच.

प्रत्येक लॉटमधून अर्धा किलो माल बाजूला काढ, पिशवी सील कर, तारीख लिही आणि दोघींच्या सह्या घे. उद्या तो म्हणाला की माल वेगळा निघाला, तर दाखवायला तेवढंच हातात असेल.

त्याला सध्या दर कळवू नकोस. एवढंच लिही, की दोन किलोचा नमुना तपासणीच्या अहवालासह कुरिअरनं पाठवतो, पसंत पडला तर दोन पॅलेटची ऑर्डर एफसीए न्हावा-शेवा अटीवर घेऊ, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली बँकेत कागद दाखवल्यावर. पत्र लिहून झालं की पाठवण्याआधी मला दाखव. रात्री नऊनंतर फोन केलास तरी चालेल.